टर्नर विसरा, जालना शोधा

ब्रिटिश चित्रकारांच्या हातची पत्रं आणि रेखाटनं जमवायची म्हटलं की नवा माणूस आधी टर्नरचं नाव घेतो, नाहीतर कॉन्स्टेबलचं. घेऊ नका. त्यांचे कागद आपल्या खिशाला झेपत नाहीत, आणि खिशाला झेपतील असे जे टर्नर बाजारात फिरतात ते टर्नरचे नसतात.

मी कन्नडच्या तहसील कचेरीसमोर दस्तलेखक होतो. खरेदीखतं, वाटणीपत्रं, बक्षीसपत्रं लिहायची, निजामाच्या अमदानीतल्या उर्दू नकला लोकांना वाचून दाखवायच्या, असा धंदा. जुना कागद, जुनी शाई आणि माणूस कागदावर खोटं कसं बोलतो, या तीन गोष्टी त्या टेबलावर शिकलो. चित्रांचा नाद वेरूळ-अजिंठ्याच्या जाण्यायेण्यात लागला. हातात पैसा कधीच फार नव्हता, त्यामुळे खाली लिहिलेलं सगळं बेताच्या पैशात जमवणाऱ्यासाठी आहे. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याने लंडनचा एखादा चांगला दुकानदार गाठावा, त्याला माझी गरज नाही.

पहिलं काम विषय बांधून घेण्याचं. 'ब्रिटिश चित्रकार' हा विषय होत नाही, तो समुद्र आहे. आपल्या मुलखात येऊन गेलेले, आपला मुलूख काढलेले, आणि त्यांच्या पत्रव्यवहारातले लोक, एवढंच धरा. लंडनच्या दुकानदाराला मिले या इंग्रज चित्रकाराचं अक्षर आपल्याहून चांगलं कळतं. पण 'दख्खनमधला डोंगरी किल्ला' एवढंच लिहिलेलं पेन्सिलचित्र त्याच्यापुढे आलं, तर तो दौलताबाद आहे की दुसरा कुठला हे त्याला सांगता येईलच असं नाही. आपल्याला शाळेच्या सहलीपासून येतं. तासलेला कडा, त्याच्या पायथ्याशी चांद मिनार. मिनार टेकडीच्या पूर्वेला आहे, तेव्हा तो चित्रात टेकडीच्या उजवीकडे असेल तर चित्रकार दक्षिणेला बसला होता, डावीकडे असेल तर उत्तरेला. खाली 'वेरूळच्या घाटातून' असं लिहिलंय आणि मिनार उजवीकडे आहे, तर एकतर मथळा नंतर कुणीतरी घातला किंवा चित्र दुसऱ्या चित्रावरून उतरवलं. हे भांडवल फुकटचं आहे आणि ते फक्त आपल्याकडे आहे.

आता इथे कोण कोण आलं ते पाहू. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० च्या दशकात पुण्याच्या दरबारात चित्रं काढत होता, कंपनी सरकारचा तिथला वकील (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने. त्याने वेरूळची लेणी काढली, १७९५ मध्ये तो इकडेच वारला, आणि त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये वेरूळच्या चोवीस छापील चित्रांचा संच काढला. त्याच मॅलेटसाठी पुण्याच्या गंगाराम तांबटाने वेरूळ काढलं होतं. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. मग कॅप्टन ग्रिंडले. त्याचा पश्चिम हिंदुस्थानच्या देखाव्यांचा रंगीत संच १८२६ ते १८३० या काळात निघाला आणि त्यात वेरूळ आहे.

मेजर रॉबर्ट गिल मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक. मद्रास फौजेतला हा माणूस १८४४ पासून अजिंठ्याच्या भिंतींवरून तैलरंगात नकला उतरवत होता. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. गिल १८७९ मध्ये गेला, भुसावळला पुरला आहे. त्याची इथली सोबतीण पारो हिची कबर अजिंठा गावात आहे, आणि त्या गोष्टीमुळेच सांगतो: 'गिलने काढलेलं पारोचं चित्र' असं कुणी घेऊन आलं तर चहा पाजा आणि वाटेला लावा. गिलचं काही हवंच असेल तर त्याने १८६४ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या जोडछायाचित्रांतले (स्टिरिओ फोटोंतले) सुटे कागद पाहा. ते कधीकधी विकायला येतात आणि त्यांच्याबद्दल वाद होत नाही.

गिलनंतर जॉन ग्रिफिथ्स. मुंबईच्या जे. जे. स्कूलचा हा माणूस विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ अजिंठ्यात नकला करत होता. त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. उरलेल्या तिथल्याच व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मग ख्रिस्तियाना हेरिंगहॅम, १९०९ ते १९११ मधले दोन हिवाळे; तिच्या हाताखाली नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद. आणि तिचं काम चालू असताना अजिंठ्याला आलेला चित्रकार विल्यम रोथेनस्टाइन. सुरुवात करणाऱ्याने यातला रोथेनस्टाइन धरावा. तो १९४५ पर्यंत जगला, पत्रं लिहायची त्याला हौस होती, आणि त्याची साधी पत्रं आजही माणसाला परवडतात. ग्रिफिथ्स किंवा हेरिंगहॅमच्या हातचं पत्र क्वचित निघतं. निघालं तर मजकूर न वाचता घ्या.

माझा खरा जीव मात्र या मोठ्या नावांत नाही, फौजेतल्या अनाम अधिकाऱ्यांत आहे. हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या पैशावर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेच्या, छावण्या आपल्याकडे होत्या: औरंगाबाद, जालना, हिंगोली, आणि मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई. कंपनीच्या तोफखान्यात आणि इंजिनियरांत जाणाऱ्या पोरांना इंग्लंडमध्ये ॲडिसकोंबच्या शाळेत (१८०९ ते १८६१) चित्रकला शिकवत, कारण छायाचित्रं नव्हती आणि शत्रूचा किल्ला कागदावर आणायचा तर हातानेच आणावा लागे. ही पोरं इथे आली, दुपारी काही काम नसे, म्हणून देवळं, बारवा, मशिदी, नोकर, कुत्री, तंबू काढत बसली. त्यांच्या वह्या नातवंडांच्या माळ्यावरून निघतात आणि इंग्लंडच्या गावोगावच्या लिलावांत 'भारतीय रेखाटनं, चित्रकार अज्ञात' म्हणून जातात. चांगल्या मोबाइलच्या किमतीत असा आठ-दहा कागदांचा गठ्ठा मिळू शकतो, आणि त्यात एखादं असईच्या लढाईचं मैदान किंवा अंबाजोगाईची लेणी लपलेली असू शकतात.

ते सापडायचे तर स्पेलिंग वाकडं करून शोधावं लागतं. इंग्रजी जाहिरातींत आपली गावं जुन्या पद्धतीने लिहिलेली असतात. जालन्यात 'जे' नंतर 'ए-यू' घाला आणि शेवटी 'एच' जोडा. हिंगोलीच्या शेवटी दोन 'ई'. अजिंठ्यात 'ए' नंतर 'डी' घालूनही पाहा आणि 'जे' नंतर 'यू' घालूनही. औरंगाबादेत 'आर' च्या पुढे 'यू'. दौलताबादची सुरुवात 'डी-ओ-डब्ल्यू'. वेरूळ म्हणजे 'एलोरा', पण एका 'एल' ने सुद्धा. खुलताबाद 'रोझा' नावाने असतं. आजचं स्पेलिंग घालून शोधणारे शंभर असतात, वाकडं घालणारे दोन-चार.

आता पत्रांकडे. ब्रिटनमध्ये रॉयल अकॅडमी ही चित्रकारांची संस्था १७६८ ची, आणि एकोणिसाव्या शतकात तिचे सभासद दिवसाला ढीगभर चिठ्ठ्या लिहीत. जेवायला येऊ शकत नाही, पास पाठवतो, चित्र पुढच्या आठवड्यात बघायला या. अशा चिठ्ठ्या वीस-पन्नास पौंडांतही मिळतात. त्यांना नाक मुरडू नका, पण चित्राबद्दल, रंगाबद्दल, गिऱ्हाइकाबद्दल, पैशाबद्दल एक ओळ जरी असेल तरी तीच घ्या. मोठ्या माणसाच्या कोरड्या नकारापेक्षा मध्यम चित्रकाराचं रंगवाल्याशी भांडण मला कधीही जास्त मोलाचं वाटतं. वहीत चिकटवण्यासाठी पत्रातून कापून घेतलेली नुसती सही मात्र घेऊ नका. सहीला वरचा मजकूर नसेल तर ती कुणाची, कधीची, कशासाठी, काही बोलत नाही.

दुकानदारांच्या यादीत 'ए एल एस' असेल तर सगळं पत्र त्याच्याच हातचं आणि खाली सही. 'एल एस' असेल तर मजकूर दुसऱ्याचा, सही त्याची. 'टी एल एस' म्हणजे टंकलिखित. किमतीत मोठा फरक पडतो, तेव्हा ही अक्षरं आधी बघा.

पत्र हातात आलं, किंवा त्याचा फोटो आला, की मी खरेदीखताच्या चतुःसीमा लिहितो तशा चार गोष्टी लिहून काढतो: कोणी, कोणाला, कुठून, कधी. त्यातली 'कधी' सगळ्यात नडते, कारण ही मंडळी साल लिहीतच नसत. 'शुक्रवार, ३ मे' एवढंच. मग दिनदर्शिका काढायची. ३ मे हा शुक्रवारी आला तो १८६१, १८६७, १८७२, १८७८, १८८९, १८९५ मध्ये. समजा पत्र जॉन एव्हरेट मिलेचं आहे आणि वर पत्ता पॅलेस गेट, केन्सिंग्टन असा. त्या घरात तो १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात गेला, तेव्हा पहिली तीन सालं गळाली. मजकुरात 'बबल्स' या चित्राचा उल्लेख असेल, तर ते चित्र १८८६ चं, म्हणजे १८७८ ही गेलं. उरली दोन. पुढचं काम पत्र ज्याला लिहिलं त्याच्या चरित्रावरून होतं.

पत्त्यासाठी एक अफलातून साधन आहे. अल्जर्नन ग्रेव्हज याने रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनांत १७६९ ते १९०४ पर्यंत चित्र लावलेल्या प्रत्येकाची आठ खंडांची सूची केली, १९०५-०६ मध्ये छापली, आणि त्यात चित्रकाराचा पत्ता सालवार दिला आहे. ती इंटरनेटवर स्कॅन होऊन फुकट पडलेली आहे. सातबाऱ्यावरचे फेरफार वाचता येणाऱ्या माणसाला ती वाचायला काहीच जड नाही.

कागद उजेडाकडे धरा. १७९४ नंतर इंग्लंडच्या गिरण्या वॉटरमार्कमध्ये साल घालायला लागल्या. 'व्हॉटमन' हे कागदवाल्याचं नाव आणि खाली साल दिसलं तर पत्र किंवा चित्र त्या सालाआधीचं असूच शकत नाही. नंतरचं असू शकतं, कारण कागद पडून राहतो. हातकागद कसा दिसतो हे डोळ्याला शिकवायचं असेल तर दौलताबाद आणि वेरूळच्या मध्ये कागजीपुऱ्याला जा. तिथला कागद पिढ्यानपिढ्या प्रसिद्ध. जुना दौलताबादी कागद उजेडात धरला की साच्यातल्या काड्यांच्या बारीक रेघा दिसतात. इंग्लंडच्या जुन्या रेघांच्या कागदात तारांच्या रेघा असतात, जास्त सरळ, सारख्या अंतरावर, आणि त्यांना आडव्या छेदणाऱ्या विरळ रेघा. एकदा हा फरक डोळ्यात बसला की यंत्राचा कागद लगेच ओळखू येतो.

शाई बहुधा मायफळ आणि हिराकसाची. ती लिहिताना फिकी, मग काळी, आणि शे-दीडशे वर्षांनी तपकिरी होते. रेघेच्या कडेला हलकी पिवळट सावली पडते, जाड रेघेवर कागद कधी फाटतो. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली टाक वळतो तिथे शाई साचलेली दिसते, आणि टाकाच्या दोन टोकांनी कागदात पाडलेल्या बारीक चऱ्या दिसतात. शिळाछापावरून छापलेल्या नकली पत्रात यातलं काही नसतं, सगळा काळा सारखा. अशी छापील पत्रं त्या काळी खुशाल वाटली जात, त्यात फसवणूक नव्हती. फसवणूक आज विकणारा करतो. नोटा तपासायचा निळा दिवा घ्या, कागद त्याखाली पांढराशुभ्र निळसर चमकला तर तो साधारण १९५० च्या आधीचा नाही. आणि १८४० पूर्वीच्या पत्राला वेगळा लिफाफा असेल तर थांबा. त्याआधी टपालाचा दर पानांवर होता, म्हणून लोक पत्राचंच पान दुमडून त्यावर पत्ता लिहीत आणि लाखेने बंद करत.

रेखाटनांत सगळ्यात जास्त गोंधळ छापील रंगीत चित्रांचा. ग्रिंडले आणि डॅनियलच्या संचांतली पानं कापून 'जलरंग' म्हणून विकतात. भिंगाखाली धरा. छापलेल्या सावलीत बारीक वाळूसारखे सारखे कण दिसतात, आणि हाताचा रंग त्यावरून गेलेला असतो. खऱ्या जलरंगात पेन्सिलची चुकलेली रेघ, तिच्यावर दुसरी, असं काहीतरी असतंच. उलट रेघ फारच एकसारखी, एका जाडीची, न डगमगणारी असेल तर कॅमेरा ल्युसिडाचं काम असू शकतं; त्याच्या लोलकातून समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दिसतं आणि त्यावरून रेघ ओढायची. हे उपकरण विल्यम वोलॅस्टनने १८०६ मध्ये पेटंट केलं, आणि प्रवासी लेण्यांच्या मोजमापासाठी ते वापरत. त्यात खोटं काही नाही, फक्त किंमत त्या हिशेबाने द्या.

मागच्या बाजूवर छोटा शिक्का असेल तर आनंद माना. संग्राहकांच्या आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या विक्रीच्या शिक्क्यांची सूची फ्रिट्स लुख्टने १९२१ मध्ये केली, तीही आता इंटरनेटवर आहे. शिक्का तिच्याशी ताडून पाहा. पण शिक्काही खोटा पाडता येतो, आणि सगळं जुळूनही चित्र खोटं निघतं. टॉम कीटिंग नावाच्या माणसाने सॅम्युअल पामरची रेखाटनं इतकी हुबेहूब केली की १९७६ मध्ये ते उघड होईपर्यंत ती लंडनच्या दुकानांत मानाने विकली गेली. म्हणून मी पामर घेत नाही. अनाम सुभेदाराच्या बंगल्याचं खोटं चित्र करायला कुणाला वेळ नाही, हा त्या अनाम अधिकाऱ्यांचा आणखी एक गुण.

विकणाऱ्याला चार गोष्टी मागा: मागच्या बाजूचा फोटो, उजेडातून काढलेला फोटो, कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे का याचं उत्तर, आणि तो त्याच्याकडे कुठून आला. 'अस्सल असल्याचं प्रमाणपत्र' मागू नका. बॉण्डवर लिहिलं म्हणून जमीन कुणाची होत नाही, हे मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर सांगितलं, तेच इथे. मालकीची साखळी दाखवणारी जुनी पावती, लिलावाची यादी, पत्र ज्याला लिहिलं त्याच्या घराण्याचं नाव, याला किंमत आहे.

लिलावात हातोडीच्या किमतीवर लिलावगृहाचं कमिशन साधारण पाव पट चढतं, त्यावर तिथला कर, मग पाठवणावळ, मग आपल्याकडची जकात. बोली लावण्याआधी हा सगळा हिशेब कागदावर मांडा आणि आकडा ठरवा. रात्री साडेअकराला मोबाइलवर बोली चढत असताना आकडा ठरवणारा माणूस सोयाबीनचे पैसे घालवून बसतो, असं आमच्या घरात एक व्यक्ती नेहमी म्हणते. ब्रिटनमधून पन्नास वर्षांहून जुनी हस्तलिखितं बाहेर पाठवायला तिथल्या निर्यात परवान्याचे नियम आहेत. तो परवाना कोण काढणार, हे पैसे देण्याआधी लेखी विचारून घ्या. पार्सलवर खरी किंमत लिहायला सांगा आणि बिलाची प्रत आत आणि बाहेर दोन्हीकडे ठेवायला सांगा. 'गिफ्ट' लिहून पाठवणारा दुकानदार आपल्यालाच अडकवतो.

एकदा आलेलं परत जाणं अवघड, हेही ध्यानात असू द्या. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाचं पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं, आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शंभरी ओलांडलेल्या रंगवलेल्या चित्रांना नोंदणीही लागते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय संभाजीनगरात आहे, तिथे जाऊन नोंदणी अधिकारी कोण ते विचारून या. गुंतवणूक म्हणून लंडनला परत विकू, असा बेत असेल तर कागद भारतात आणूच नका.

जपण्याचं आपल्याकडे अवघड आहे. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, कागद पापडासारखा कडक. जुलैत तोच कागद ओल ओढून लवतो. या दरवर्षीच्या ताण-सैलीने कागद मरतो, आणि ओलीने मायफळाची शाई कागद जास्त खाते. पत्र्याचं किंवा स्लॅबखालचं वरच्या मजल्यावरचं घर असेल तर खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीच्या बाजूला लोखंडी कपाट ठेवा. भिंतीपासून हातभर लांब आणि पायांवर, म्हणजे वाळवीला थेट रस्ता नाही. प्रत्येक कागद आम्लरहित कागदाच्या घडीत. पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट पत्राला चालतं. कोळसा, खडू आणि मऊ पेन्सिलच्या चित्राला नको, कारण ते पाकीट स्थिर विजेने भुकटी ओढून घेतं. सिलिका जेलची पुडी पावसाळ्यात आत ठेवा आणि गुलाबी झाली की तापवून सुकवा, निळी पडते. डांबराच्या गोळ्या नकोत. कडुनिंबाचा पाला घालायचाच असेल तर कपाटाच्या तळाला, कागदाला लागू न देता.

आणि लॅमिनेशन! आपल्याकडे जातीचा दाखला हातात पडला की माणूस सरळ लॅमिनेशनवाल्याकडे जातो. ती सवय इथे आणू नका. सेलोटेप नको, घडीवर इस्त्री नको, फेविकॉल तर नावही काढू नका. फाटलेलं पत्र फाटलेलंच ठेवा आणि पैसे साठले की मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या जतन केंद्रात विचारा. भिंतीवर मूळ जलरंग लावू नका. निळीचा रंग उजेडात उडतो आणि ढगाळ आभाळ गुलाबी होऊन बसतं. अशी गुलाबी झालेली आभाळं तुम्ही विकत घेतानाही बघाल, तेव्हा कारण हेच. चांगला स्कॅन करून त्याची छपाई फ्रेममध्ये घाला, पाहुण्यांना फरक कळत नाही.

स्कॅन छापण्याआधी एक कायदा पाहा. पत्र विकत घेतलं म्हणजे त्यातल्या मजकुराचा हक्क विकत घेतला असं होत नाही. १९६९ पूर्वी वारलेल्या लेखकाचं १९८९ पर्यंत कुठेच न छापलेलं पत्र ब्रिटनमध्ये २०३९ संपेपर्यंत हक्काखाली आहे.

शेवटचं, नोंदवही. प्रत्येक कागदाला क्रमांक, तो कागदावर नाही, घडीवर लिहायचा. वहीत त्या क्रमांकापुढे चार चतुःसीमा, मोजमाप सेंटिमीटरमध्ये, कुठून घेतला, कितीला पडला, बिल कुठल्या फाइलीत, आणि जो शोध लागला तो तारखेसह. किंमत खरी लिहा, घरच्यांपासून लपवायची असली तरी. आपल्या मागे कपाट उघडणाऱ्याला इंग्रजी गिचमिड अक्षरातला तपकिरी कागद आणि विजेचं जुनं बिल यांतला फरक वहीशिवाय कळणार नाही, आणि रद्दीवाला दोन्ही एकाच भावाने नेतो.